दोन सेकंदांचं दार

फकिरामामांनी बाहेरून खटका पाडला. मी सवयीनं एक, दोन मोजलं आणि दार ढकललं. दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. तीन, चार, पाच. मीटरवर दोनशे एकतीस व्होल्ट. सहा, सात. मग मी मोजायचं सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. जी गोष्ट पुन्हा एकदा घडावी म्हणून आठवडाभर मी या खोलीत एकवीस वेळा स्वतःला कोंडून घेतलं होतं, ती घडली होती. आणि ती घडली म्हणूनच मी आत अडकले होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाई वेडी आहे असं वाटायचं. तसं वाटणारा एक माणूस लॅबमध्ये आहेच.

आमची लॅब चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. सोलरचे इन्व्हर्टर तपासून देणं हे आमचं काम. इन्व्हर्टर म्हणजे छतावरच्या पॅनेलची वीज घराला पुरवणारा आणि उरलेली बाहेरच्या लाईनवर सोडणारा डबा. त्याच्या तपासण्या ढीगभर आहेत, पण माणसाचा जीव एकाच तपासणीत आहे. बाहेरची लाईट गेली की डब्यानं दोन सेकंदांच्या आत गप्प बसायचं. कारण लाईट बंद करून खांबावर माणूस चढतो. सबस्टेशनातून लाईन बंद आहे या भरवशावर तो तारेला हात लावतो. तेवढ्यात खालच्या कुठल्यातरी छतावरून एखादा डबा तारेत वीज सोडत राहिला, तर चढलेला माणूस संपला.

आता डब्याला बाहेरची लाईट गेल्याचं कळणार कसं? एरवी सहज कळतं. पण घरात लागतात तेवढ्याच पोळ्या घरात होत असतील, तर शेजारणीनं पाठवायच्या बंद केल्या हे लवकर लक्षात येत नाही. तसंच, छतावर जेवढी वीज तयार होते बरोबर तेवढीच खाली खर्च होत असेल तर डबा फसतो. तो आपल्या तंद्रीत चालूच राहतो. आम्ही मुद्दाम तसं जुळवून आणतो, मग बाहेरची लाईट तोडतो आणि डबा फसतो का ते बघतो.

पुस्तकी भाषेत याला डब्याचं बेट होणं म्हणतात. फकिरामामा आमचे जुने मदतनीस, वैजापूर तालुक्यातले. त्यांच्या लेखी बेट एकच, लोक दर्शनाला जातात ते गोदावरीतलं सराला बेट. एखादा डबा बंद झाला नाही की ते म्हणायचे, ‘गेला सरालाला.’ ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले. हळूहळू आमच्या रजिस्टरातही तोच शब्द शिरला. ‘बंद झाला’ किंवा ‘सराला’. दोघांना कळत होतं, तिसऱ्याला कळायची गरज काय, असं आम्हाला वाटलं.

गेल्या मंगळवारी सातव्या फेरीत डबा नऊ सेकंद चालू राहिला. मामांनी शेऱ्याच्या रकान्यात आपल्या गोल अक्षरात लिहिलं, ‘फेरी ७. सराला. फकिरा.’

इंद्रजीत सर आमचे लॅबप्रमुख. हुशार आहेत, शर्टाची इस्त्री मोडत नाही, पण आमच्या दोघांच्या बोलीतलं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी वाचलं की सातव्या फेरीला फकिरा सराला बेटावर दर्शनाला गेला होता. म्हणजे फेरीला दुसरा माणूस हजर नव्हता. म्हणजे फेरी बाद. त्यांनी फेरी खोडली, तिची नोंद यंत्रातून पुसली आणि मामांची अर्ध्या दिवसाची रजासुद्धा लावली. मामा माझ्याकडे येऊन विचारायला लागले, ‘ताई, मी कधी गेलतो हो दर्शनाला?’

मी हसले. खरंच हसले. मग अहवाल बघितला आणि हसू मावळलं. बारा फेऱ्यांच्या जागी अकरा होत्या आणि अकराही पास.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी ते खरंच चुकले होते, एवढं मी त्यांच्या बाजूनं बोलेन. दुसऱ्या दिवशी चूक त्यांच्या सोयीची झाली होती. ‘पुन्हा करून दाखव,’ ते म्हणाले. ‘एकदा जरी झालं तरी मी लिहीन. नाहीतर एका शब्दावर मी कंपनीचा माल नापास करू? तोसुद्धा असला शब्द?’

मी एकवीस वेळा करून पाहिलं. एकवीस वेळा डबा शहाण्यासारखा दोन सेकंदांच्या आत बंद झाला. आणि आज साडेअकराला वीज कंपनीच्या सुलेखा मॅडम सही करायला येणार होत्या. त्यांची सही झाली की असे दोनशे चाळीस डबे लासूर स्टेशनच्या बाजूला बसणार होते.

एवढंच असतं तर मी नोकरी सांभाळून गप्प बसले असते का, हे मला माहीत नाही. पण या बनावटीचे साठ डबे तिकडे दिवाळीपासून बसलेले आहेत. ते मी पास केलेत. सही माझी आहे. आणि त्या लाईनवर वायरमन आहे माझा धाकटा भाऊ, आकाश.

मंगळवारी संध्याकाळीच त्याला फोन करायला हवा होता. लाईन बंद असली तरी विश्वास ठेवू नकोस, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. आधी पुन्हा एकदा दिसू दे, मग सांगू, असं स्वतःला समजावत राहिले. खरं कारण वेगळं होतं. ते वाक्य बोललं की लगेच दुसरं बोलावं लागलं असतं, की चूक माझी आहे. मला लाज वाटत होती. म्हणून मी फोनऐवजी या खोलीत येत राहिले.

ही खोली म्हणजे लोडची खोली. दहा बाय दहा, एका भिंतीला कपाटाएवढा लोखंडी सांगाडा, त्यात हिटरसारख्या कॉईल. वीज तिथं खर्च करायची. आत वीज खेळती असेपर्यंत दाराचं कुलूप आपोआप बसलेलं राहतं, म्हणजे बाहेरचा कुणी चुकून आत येऊ नये. वीज खर्च करायच्या कळी खरं तर बाहेरून फिरवायच्या असतात. पण बाहेरचं पॅनल चार महिन्यांपासून बिघडलंय. दुरुस्तीची चिठ्ठी सरांच्या टेबलावर आहे. तेव्हापासून आमची पद्धत अशी की मी आत जायचं, दार ओढून घ्यायचं, कुलूप बसू द्यायचं, कळी फिरवून मेळ जुळवायचा आणि ओरडायचं, ‘पाडा.’ मामा बाहेर खटका पाडणार. डबा बंद पडणार, वीज जाणार, कुलूप सुटणार आणि मी बाहेर. हे नियमात बसत नाही हे मला कळतं. पण चार महिने रोज चालली की कुठलीही गोष्ट पद्धत होऊन बसते. ज्या डब्याच्या भरवशावर वायरमन खांबावर चढतो, त्याच भरवशावर मी दार ओढून घेत होते.

‘ताई,’ मामा दाराच्या काचेतून म्हणाले. ‘सराला?’

‘सराला,’ मी म्हणाले. ‘मामा, नोंदयंत्र कुठंय?’

‘सायबांनी मीटिंगच्या खोलीत नेलंय. मॅडमला आलेख दावायला.’

म्हणजे नोंद नाही. फोन आत आणायची बंदी, माझा बाहेरच्या खणात. मामांच्या फोनला बटणं, कॅमेरा नाही. मी आत अडकलेय हाच काय तो पुरावा, आणि तोही मी बाहेर पडले की संपणार.

बाहेर पडणं अवघड नव्हतं. उजव्या हाताला कळ होती. एक घर फिरवली की मेळ बिघडला असता, डब्याला शुद्ध आली असती आणि दार सुटलं असतं. खाली लाल बटणही होतं. मी दोन्हींकडे पाठ करून दारापाशी उभी राहिले. अडकलेल्या माणसाला सुटायचा मार्ग दिसत नसतो असं आपण समजतो. मला तो हाताच्या अंतरावर दिसत होता आणि त्याच्याकडे बघायचं नाही हेच खरं काम होतं.

खोलीत गरम व्हायला लागलं. तेव्हा लक्षात आलं की छताजवळचा पंखा बंद आहे. वायरिंग करणाऱ्यानं तो त्याच खटक्यावर घेतला होता. दोन सेकंदांच्या फेरीत हे कधी कुणाला कळलं नव्हतं. एप्रिलचा महिना, बाहेर एक्केचाळीस, आणि आत तीन-चार मोठे हिटर एकदम लावल्यासारख्या कॉईल.

अकरा वाजून सात मिनिटांनी सर आले. त्यांनी काचेतून आत बघितलं, मीटर बघितला, पडलेला खटका बघितला. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. हुशार आहेत, म्हटलं ना.

‘विशाखा, कळ फिरव आणि बाहेर ये.’

‘सर, बघितलंत ना तुम्ही? पाच मिनिटं झाली.’

‘बघितलं. बाहेर ये, मग बोलू.’

‘लिहाल?’

‘मी लिहीन म्हणालो होतो.’

‘मग आत्ता लिहा. रजिस्टर बाहेर टेबलावर आहे. लिहा आणि काचेला लावून दाखवा.’

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. घाम मला आला होता.

‘हे बघ,’ ते खालच्या आवाजात म्हणाले. ‘नापास लिहिलं की दिवाळीचा अहवालही उघडणार. त्यावर तुझी सही आहे, माझी नंतरची. पहिली चौकशी तुझी होईल. मी तुझ्यासाठी सांगतोय.’

हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. ‘मॅडमना येऊ दे सर,’ मी म्हणाले. ‘त्यांनी दार ओढून बघितलं की मी बाहेर येते.’

‘त्या क्रांती चौकातल्या गर्दीत अडकल्यात. अजून अर्धा तास लागेल. भाजून निघशील तू.’ मग ते मामांकडे वळले. ‘फकिरा, गच्चीवर जा. पॅनेलचा मेन खटका खाली कर. पळ.’

गच्चीचा खटका पडला असता तर डब्याकडे येणारी वीजच तुटली असती. डबा बंद, दार मोकळं, पुरावा गायब. सर नंतर सहज म्हणाले असते की बाईनं आतून कळीशी काहीतरी चाळा केला. मी काचेवर हात आपटला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग खिशातला किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि निघाले. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. त्यांना दोष देता येत नव्हता, पण मला रडू आलं.

त्यानंतर मी फक्त कुलुपाकडे बघत होते. तीन मजले. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात. चार मिनिटं लागतील. पाच. कुलूप सुटल्याचा आवाज येईल आणि दार मोकळं होईल. ओढणी ओली होऊन गळ्याला चिकटली होती. मी खाली बसले, जमिनीजवळ थोडी हवा लागत होती. घशात कोरड पडली. पाण्याची बाटली खणात, फोनशेजारी. सर काचेपलीकडून बोलत होते. आधी समजुतीचं, मग नोकरीचं, मग माझ्या आईच्या औषधांचं. मला अर्धंच ऐकू येत होतं. एकदा हात आपोआप कळीकडे गेला. बोट लागलंसुद्धा. कळ इतकी तापली होती की मी हात मागे घेतला, आणि त्या चटक्यानंच भानावर आले.

आकाश रोज काय करतो ते मला तिथं बसून पहिल्यांदा नीट कळलं. दुसरीकडे कुणीतरी आपलं काम नीट केलं असेल एवढ्या एका समजुतीवर तो चढतो. त्याला आतून फिरवायला कळ नसते.

सात मिनिटं झाली. आठ. कुलूप बसलेलंच होतं. सरांनीही घड्याळ बघितलं. ‘हा माणूस गेला कुठं?’ म्हणत ते स्वतःच जिन्याकडे निघाले, आणि तेवढ्यात व्हरांड्यातून मामा आले. त्यांच्यामागं, हातात फाईल घेऊन, सुलेखा मॅडम.

‘फकिरा, तुला गच्चीवर पाठवलं होतं,’ सर म्हणाले.

‘गुडघ्यानं जिना चढवंना सायेब,’ मामा म्हणाले. ‘म्हणलं, खाली उतरणं सोपं हाय. उतरलो. तर फाटकात मॅडमच भेटल्या.’

मीटिंगच्या खोलीची वाट दाखवणाऱ्या सरांच्या हाताकडे मॅडमनी बघितलंही नाही. त्या सरळ काचेपाशी आल्या. मी उठून उभी राहिले. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून भिंतीला धरलं.

‘बाहेरची लाईट कधी तोडली?’ त्यांनी विचारलं.

‘अकरा दोन.’

त्यांनी स्वतःचं घड्याळ बघितलं. अकरा चोवीस. त्यांनी पडलेल्या खटक्याला बोट लावून खात्री केली. काचेतून मीटर वाचला. मग दाराची मूठ धरून जोरात ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भिंतीला पाय टेकवून ओढली. दार जागचं हललं नाही.

‘पुरे,’ त्या म्हणाल्या. ‘ये बाहेर.’

मी ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं आणि कळ एक घर फिरवली. डबा लगेच गप्प झाला. मामांनी दार ओढून धरलं आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी बाहेर आले तेव्हा मॅडम टेबलाशी बसून लिहीत होत्या. ‘बावीस मिनिटं’ एवढं मला उलटं वाचता आलं.

‘दिवाळीच्या साठ डब्यांवर सही कुणाची आहे?’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

‘माझी.’

‘हे लिहिल्यावर तुमचं काय होईल ते ठाऊक आहे?’

‘आहे. मॅडम, आधी लासूरला फोन करा. लिहिणं नंतर.’

त्यांनी केला. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज केला. सबस्टेशनातल्या माणसाचं नाव साहेबराव. साठही डबे ताबडतोब बंद करा असं मॅडमनी सांगितल्यावर तो म्हणाला, ‘करतो की. पर आत्ता त्या लायनीवर कामाचं परमिट दिलंय मॅडम. लाईन साडेधाला बंद केली. आकाश वर हाय.’

लाईन चालू करता येत नव्हती, कारण तो वर होता. बंद तर आधीच केलेली होती, आणि बंद म्हणजे बंद नव्हे हे आम्ही नुकतंच कागदावर लिहिलं होतं.

‘त्याला खाली उतरवा,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्ही स्वतः जा. तारेला हात न लावता उतर म्हणावं.’

मी खणातून माझा फोन काढून आकाशला लावला. वाजत राहिला. वर असताना तो उचलत नाही, ही त्याला मीच लावलेली शिस्त. पुन्हा लावला. पुन्हा. दार उघडं होतं, व्हरांड्यातून वारा येत होता, आणि मला त्या खोलीतही एवढं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. आठवड्यापूर्वी एक वाक्य बोलले असते तर हे काहीच नव्हतं. सर खुर्चीत बसले होते. त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडली होती. मामा माझ्या बाजूला उभे होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

अकरा मिनिटांनी माझा फोन वाजला.

‘जयभीम ताई,’ आकाश म्हणाला. त्याला धाप लागली होती. ‘कामून लावती एवढे फोन? साहेबराव मोटारसायकल घिऊन बोंबलत आला, उतर म्हणला. उतरलो. काय झालंय?’

मी टेबलाच्या कडेवर बसले. आणि मग जे मंगळवारी सांगायचं होतं ते सांगितलं, अडखळत, मॅडमसमोर, सरांसमोर. डब्यात खोट आहे. लाईन बंद असली तरी तारेत वीज असू शकते. दिवाळीत ते मी तपासले होते. पास मी केले होते. मला आठ दिवसांपासून शंका होती आणि मी तुला बोलले नाही.

त्याच्या मागं साहेबरावची मोटारसायकल फटफटत होती.

‘मला म्हायती हाय की तू केले ते,’ तो म्हणाला. रागावलेला वाटला नाही. ‘परत्येक डब्यावर पट्टी हाय ना, तपासणारं कोण त्याची. शाळंवरच्या, सोसायटीवरच्या, समद्यांवर तुझं नाव. मी लोकायला दावतो, ही माझी बहीण म्हून. तुझं नाव हाय म्हणूनच तर त्या लायनीवर मी टेस्टर बी लावीत नाय.’

मॅडमचं पेन थांबलं. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.

‘ताई,’ तो म्हणत होता. ‘ताई, ऐकू येतंय का?’